अद्वैत, आडवी रेघ, अदिती

रुक्मिणीनगर, अमरावती
(तारीख घालत नाही, कारण हे पत्र संपायला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही.)

जठारपेठ, अकोला येथील श्री. गोवर्धनराव वकीलसाहेब यांस अमरावतीहून नारायणचा नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, पण मनाने पूर्ण वाकलो आहे असे समजावे.

सर्वांत आधी उशिराची माफी. तुमचे पत्र आले तेव्हा पोळ्यासाठी बैलांची शिंगे रंगत होती. आता दिवाळी होऊन गेली आणि चिवड्याच्या डब्यात नुसते डाळे उरले आहे. तुम्ही एकच गोष्ट विचारली होती. "तिवशाच्या चंद्रभान गुरुजींची मुलगी अदिती आमच्या नातवासाठी, म्हणजे अद्वैतसाठी, तूच सुचवली. आम्हा सर्वांना पसंत आहे. तर त्यांना होकार कळवू का, ते एका ओळीत लिही." ती एक ओळ लिहायला मी रोज सकाळी चष्मा पुसून बसतो आणि रोज उठतो. एकदा तर नमस्कारापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात लाइट गेली. फोन का केला नाही, असे म्हणाल. तुम्ही कोर्टात जाणे सोडले, पण फोनवर अजून उलटतपासणी घेता, आणि मी सातवी नापास माणूस. दुसऱ्याच प्रश्नाला सगळे कबूल करून टाकतो. म्हणून लेखी.

आणखी एक खुलासा. शेंदूरजनाघाटच्या शाळेत एका बाकावर बसल्यापासून मी तुला अरेतुरे करत आलो आहे, आणि तुम्ही मला त्याहून वाईट. या पत्रात मात्र 'तुम्ही' म्हणतो आहे. मध्येच 'तू' निसटले तर सवयीचा दोष समजावा. असे का, ते पत्राच्या शेवटी कळेल. (वकील लोक कागदाचा शेवट आधी वाचतात हे मला ठाऊक आहे. कृपा करून तसे करू नये.)

तुमची तब्येत कशी आहे? साखर तपासली का? मैनावहिनींच्या गुडघ्याला मी सांगितलेले तेल लावून पाहिले का, की अजून त्या माझ्यावर रागावल्या आहेत? मोर्णा नदीचे डास यंदा कसे आहेत? इकडे माझे ठीक म्हणायला हरकत नाही. बीपी वर जाते, खाली येते. रात्री छातीत काहीतरी फडफडते. डॉक्टर म्हणतात गॅस आहे. गॅस असला तरी फडफडतो का, हे त्यांना विचारायचे राहिले. आमच्या हिचे, म्हणजे मनकर्णाबाईचे, सगळे उत्तम आहे. सूनबाई चारुशीला शाळेत जाते-येते. नात चारुता पुण्याला कंपनीत आहे. तिचे लग्नाचे काही जमत नाही ही मोठी काळजी आहे. स्थळ दाखवले की तिला मीटिंग असते. रविवारी दाखवले तरी मीटिंग असते.

आता अदितीचा विषय. तो कळण्यासाठी मला माझा धंदा सांगावा लागेल. तुम्हाला वाटत असेल की हा नारायण म्हातारपणी समाजकार्य म्हणून लग्ने जुळवत फिरतो. तसे नाही.

तुम्ही ताहेरभाईंना ओळखता. अकोटच्या जिनिंगमध्ये कापूस जोखणारे, आता अमरावतीत वलगाव रोडला त्यांचे ऑनलाइन सेंटर आहे. आधार, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सगळे फॉर्म तिथे भरतात. माझ्याच वयाचे आहेत, पण कॉम्प्युटर अशा ऐटीत बडवतात की पाहणाऱ्याला वाटावे यांनीच तो बनवला. एसटीचे कार्ड काढायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. (पंच्याहत्तरी झाल्यावर सरकारने मला एसटी फुकट केली. ती केली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. मी सरकारला दोष देत नाही, पण घडले नसते.) गर्दी होती, बसलो, आणि बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितले की जगात आता नावांचा बाजार भरतो.

मला समजले ते असे. इंटरनेटवर दुकान टाकायचे तर आधी नाव घ्यावे लागते. पूर्वी नावाच्या शेवटी डॉट कॉम लावायचे. त्यातली चांगली चांगली नावे लोकांनी केव्हाच घेऊन टाकली. मग त्यांनी नवीन शेपट्या काढल्या. डॉट शॉप, डॉट क्लिनिक, डॉट गुरू, शेकड्यांनी. नवीन शेपटीचे नाव पहिल्या वर्षी स्वस्तात मिळते. घेऊन ठेवायचे. ज्याचे नाव त्याला गरज पडली की चढ्या भावाने विकायचे. मात्र वर्ष संपले की पुन्हा पैसे भरायचे, तेही पहिल्यापेक्षा जास्त. नाही भरले तर नाव गेले.

"नारायणभाऊ, ये तो तुमारीच लाइन है," ताहेरभाई म्हणाले. "तुमी फुलावर बाग घेत होते का नाही? बस, ये भी वही."

त्यांनी हे वाक्य बोलायला नको होते. तुम्ही कायदा शिकत होता तेव्हा मी शेंदूरजन्यात संत्र्याच्या बागा फुलावर घेत होतो. झाडाला नुसता आंबिया बहार आला आहे, फळ डोळ्यांना दिसत नाही, आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो आहे. ते दिवस आठवले आणि माझ्या बोटांना आपोआप चाळा लागला. गारपिटीने मी किती वेळा बुडालो ते मात्र त्या क्षणी आठवले नाही. मी फक्त एवढे विचारले की हे नाव ठेवलेले असते कुठे. ते म्हणाले, अमेरिकेत. त्या दिवसापासून मी बातम्यांत अमेरिकेतली वादळे पाहतो. एकदा तिकडे मोठे वादळ झाले, घरांची छपरे उडाली, तर मी सकाळी शटर उघडायच्या आधी ताहेरभाईंच्या दारात उभा. ते म्हणाले, "भाऊ, नाम पे आंधी नहीं आती. चाय पियो." पण मला विचारायचे होते की आली तर जबाबदार कोण. त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

सुरुवात मी दुकानदारांपासून केली. जवाहर गेटच्या आतल्या एका सराफाचे नाव डॉट शॉप लावून घेतले आणि त्यांच्या गादीवर जाऊन बसलो. त्यांनी पाणी दिले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दुकान आजोबाच्या वक्तापासून इथंच हाय. आता गिऱ्हाइकाले अमेरिकेतून पत्ता इचारून या लागते का?" मी पाणी पिऊन उठलो. नंतर डॉक्टरांच्या नावाला डॉट क्लिनिक लावले आणि त्यांच्याकडे गेलो. आत जायचे तर केसपेपर काढावा लागतो, म्हणून काढला. नंबर येईपर्यंत माझी छाती फडफडू लागली. डॉक्टरांनी नावाचे काही ऐकून घेण्याआधी दंडाला पट्टा बांधला, बीपी वाढलेले निघाले, गोळ्या लिहून दिल्या. विकायला गेलो आणि विकत घेऊन आलो. तीच गोळी अजून चालू आहे. धंद्यातून मला झालेली ती एकमेव कायमची प्राप्ती.

मग आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा आला. तुम्हाला मेळावे आवडत नाहीत, पण मला परिचय पुस्तिका वाचायला फार आवडते. मुलांची शिक्षणे, मामांची गावे, 'अपेक्षा : अनुरूप'. ती पुस्तिका मी ताहेरभाईंच्या सेंटरवर वाचत बसलो होतो, आणि तिथेच त्यांनी सांगितले की डॉट वेडिंग अशीही एक शेपटी आहे. शहरातले लोक नवरा-नवरीची नावे जोडून पान काढतात. पत्रिका, कार्यालयाचा नकाशा, फोटो, सगळे त्या पानावर. गोवर्धना, माझ्या डोक्यात एकदम वीज चमकली. लग्न ठरल्यावर तर कोणीही नाव घेईल. खरा व्यापारी ठरण्याच्या आधी घेईल. फुलावर!

आता फूल कोणते आणि फळ कोणते हे ओळखायला पाहिजे. पुस्तिकेत मुले डाव्या पानावर, मुली उजव्या. मी पेन्सिल घेतली आणि जोड्या लावायला बसलो. पत्रिका पाहिली नाही, गुण पाहिले नाहीत. ताहेरभाई म्हणाले होते की नाव जितके छोटे तितका भाव मोठा, म्हणून मी अक्षरे मोजली. लांब नावाच्या मुली कितीही शिकलेल्या असल्या तरी सोडून दिल्या. (एक मुलगी डॉक्टर होती, पण त्रिपुरसुंदरी होती.) मधे एक आडवी रेघ टाकून मी पाच-सहा जोड्या घेतल्या. मनकर्णाबाई हे सगळे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "लोकायच्या पोट्ट्या जोडून राहिले. घरची पोट्टी दिसत नाही का तुमाले?" मी म्हटले, घरच्या नावावर कोणी धंदा करत नसतो. तिने कपाळाला हात लावला आणि भाजी निवडत बसली. मला तो हात नेहमीचा वाटला.

इथे माझी अडचण सुरू झाली. फुलावर घेतलेल्या बागेची नुसती राखण करायची असते. फळ आपले आपण धरते. लग्न आपले आपण धरत नाही. नावे घेऊन ठेवली, पण त्या मुलामुलींना एकमेकांचा पत्ताच नाही. तेव्हा नाव विकायचे तर आधी लग्न जुळवणे भाग होते. वर्ष चालू झालेले. म्हणून मी फुकटच्या एसटीने गावोगाव हिंडू लागलो. लोक म्हणायचे, नारायणराव किती निःस्वार्थी. मी मान खाली घालायचो, आणि त्यांना तो विनय वाटायचा.

एक लग्न मी खरेच जुळवले. अकोटच्या जिनिंगवाल्यांचा स्वानंद आणि आमच्याच भागातल्या ओमप्रकाशरावांची मृणाल. दोघे एकमेकांना पाहताक्षणी पसंत. मुलीच्या वडिलांना मी मांडवातच गाठले आणि नावाचे सांगितले. भले गृहस्थ, म्हणाले, विधी आटोपले की घेतो, फोटो टाकू त्याच्यावर. मी पंगतीला न बसता पहिल्या रांगेत बसून राहिलो. लग्न लागले. लक्ष्मीपूजनाला तांदळाचे ताट आले, स्वानंदने अंगठी हातात घेतली आणि तांदळात नवरीचे नवे नाव लिहिले. स्वरा. टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. माझा पेढा हातातच राहिला. कारण माझ्याकडे होते स्वानंद, आडवी रेघ, मृणाल, आणि मृणाल आता या जगात राहिलीच नव्हती.

आयुष्यभर शेकडो लग्ने जेवलो. स्वतःच्या लग्नात मीही तांदळात बोट फिरवले, 'मनकर्णा' लिहिताना णा उलटा पडला होता. आपल्यात नवरीचे नाव बदलतात हे मला माहीत नव्हते असे कोण म्हणेल? पण धंद्याच्या वेळी आठवले नाही. मी धावत नवऱ्यामुलाच्या आईकडे गेलो आणि म्हटले, "मृणाल चांगलंच नाव हाय, बाई. कायले बदलता?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमी मुलीचे कोन?" मी तिथून मुलीच्या वडिलांकडे वळलो. ओमप्रकाशराव मात्र हळहळले. म्हणाले, "भाऊ, आता ते नाव माया पोरीचंच नाही रायलं, तं मी घेऊन काय करू?" मी तसाच पंगतीत बसलो. वांग्याच्या भाजीला हात लावला नाही. बुंदी दोनदा घेतली, तीही दुःखातच.

बाकीच्या जोड्या एकामागून एक गळाल्या. एकाने कॅनडात परस्पर केले. एकीने मला फोन करून विचारले की माझे नाव तुम्ही कोणाला विचारून घेतले, आणि तुमचे नाव मी घेऊ का. शेवटी हातात एकच उरली. अद्वैत, आडवी रेघ, अदिती. दोन्ही नावे छोटी, दोन्हींची सुरुवात एका अक्षराने. शिवाय मुलीचे नाव आधीच नवऱ्याच्या अ वरून, म्हणजे सासरचे लोक बदलणार नाहीत असा मी हिशेब केला. आणि मुलगा कोण, तर माझ्या बालमित्राचा नातू!

म्हणून या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे अकोल्याला तीन वेळा आलो. तुम्हाला वाटले मैत्री. मैत्री होतीच, नव्हती असे नाही. तुम्ही आंबरस वाढला आणि मी अदितीची स्तुती केली. काय काय बोललो ते आठवून आता घाम फुटतो. ती गाते म्हणालो. मी ऐकलेले नाही. तिच्या हातच्या पाटोड्या खाऊन मी बोटे चाटली म्हणालो; त्या घरात मी तोवर पाणीही प्यालो नव्हतो. अद्वैत पुण्याहून सुटीवर आला होता, तुमच्या शेजारीच जेवत होता. मी पाटोड्यांवर आलो तेव्हा त्याला असा ठसका लागला की तो पानावरून उठून अंगणात गेला. मी म्हटले, मुलगा लाजला. मैनावहिनींनी रसाची वाटी माझ्या पुढ्यात जरा जोरातच ठेवली. मी म्हटले, उन्हाने हात घसरला. तुम्ही एकटेच माझ्याकडे कौतुकाने पाहत होता, आणि म्हणालात, "नाऱ्या, तुले माणसाची पारख हाय बरं." तुमच्या तोंडून साठ वर्षांत हे पहिल्यांदा ऐकले. त्यानंतर मी आणखी सुटलो.

मग तुमचे ते एका ओळीत उत्तर मागणारे पत्र आले. दुसरा कोणी असता तर नाचला असता. मी मात्र गेल्या महिन्यात तिवशाला जाऊन आलो, अदितीमध्ये काही खोट सापडते का ते पाहायला. (का, ते विचारू नका. अजून शेवट यायचा आहे.) गोवर्धनराव, खोट नाही हो. मुलगी शांत, हुशार, स्वच्छ बोलणारी. चहात आले घातलेले. मी मुद्दाम विचारले, रागीट आहेस का? म्हणाली, कधीकधी. खोटारडी आहे का ते पाहावे म्हणून विचारले, जेवायला काय केले होते? म्हणाली, खिचडी, तीही आईने. चंद्रभान गुरुजी तर अकोल्याच्या निरोपाकडे डोळे लावून बसले आहेत. परतीच्या एसटीत मोझरीपर्यंत मी खिडकीवर डोके टेकून बसलो होतो. कंडक्टरने विचारले, आजोबा, उलटी होऊन राहिली का? मी म्हटले, नाही बाबा, सगळंच उलटं होऊन राहिलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर, एका ओळीत : मुलगी चांगली आहे.

घरातल्या सर्व मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कमीजास्त लिहिले असल्यास रक्तदाबाकडे पाहून सोडून द्यावे.

आपला,
नारायण

ता. क. होकार कळवू नका. वर 'मुलगी चांगली आहे' असे लिहिले आहे ते खरेच आहे, पण होकार कळवू नका. तिवशाला निघताना अदिती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, खरं सांगा, तुमी कोनाच्या बाजूने हा?" मी म्हटले, बाई, तेच मला कळेनासे झाले आहे. तर म्हणाली, "मी परीक्षेचा अभ्यास करून राहिले. मले दोन वर्ष लग्न नाही करायचं. बाबाले सांगाची हिंमत होत नाही. तुमीच अकोल्याहून नकार आना ना." एवढ्या गोड मुलीने माझ्याकडे जन्मात पहिल्यांदा काही मागितले. तेव्हा नकार पाठवावा. कारण तुम्हीच काहीतरी काढा, वकील आहात. फक्त त्यात मुलीला कमीपणा नको आणि माझे नाव नको. पाटोड्यांचा उल्लेख तर मुळीच नको.

आणखी एक ता. क. गोवर्धना, वरचेही पुरे खरे नाही. म्हणजे खरे आहे, पण तिवशाला जायचे कारण वेगळे होते. तुझे पत्र आले त्या दिवशी मनकर्णाबाईने पुन्हा तेच म्हटले, घरची पोट्टी दिसत नाही का, आणि या वेळी कपाळाला नुसता हात लावला नाही, हाताने कपाळ बडवले. मला वाटले, असे काय आहे ते पाहू तर खरे. ताहेरभाईंकडे जाऊन मी हळूच म्हटले, एक नाव नुसते टाकून बघा, घ्यायचे नाही, अक्षरे कशी दिसतात ते पाहायचे आहे. अद्वैत, आडवी रेघ, चारुता.

कॉम्प्युटर म्हणाला, हे नाव गेलेले आहे.

 माझ्या नातीची बाग कोणीतरी फुलावर घेतली! मुंबईचा कोणी सटोडिया असेल, उद्या चारुताचे लग्न ठरले की माझ्या दारात येऊन बसेल, जसा मी सराफाच्या गादीवर बसलो तसा. मी पोलिसांत जायला निघालो. ताहेरभाईंनी बाही धरून बसवले आणि ते पान उघडले. चिखलदऱ्याचे धुके, एक छत्री, आणि छत्रीखाली भुट्टा खात आपली चारुता आणि तुझा अद्वैत. भुट्टा एकच. खाली लिहिले होते, 'घरच्यांनी हो म्हटले की पत्रिका इथेच येईल. तोवर कोणाला सांगू नका.' नाव घेऊन तीन वर्षे झालेली. म्हणजे मला या धंद्याचा पत्ता लागायच्या आधीच आपल्या दोन्ही घरांत मिळून एक सौदा होऊन बसला होता, आणि दर वर्षी ते दोघे पैसे भरून तो राखत होते. ताहेरभाईंनी आतून बायकोला, खुर्शीदबींना, बोलावले. भाभींनी चष्मा लावून नीट पाहिले आणि म्हणाल्या, "जोडी अच्छी है. लड़की आप पे नहीं गई, शुकर है."

मी तिथूनच चारुताला फोन लावला आणि विचारले, मला काहून नाही सांगितले? ती म्हणाली, "सांगणारच होतो, आबा. अद्वैत त्यासाठीच सुटी घेऊन अकोल्याला गेला होता. तं तुमी तिथं बसून दुसरीच्या पाटोड्या सांगून राहिले होते!" मग ती रडली. मग हसली. मग पुन्हा रडली. गोवर्धना, गारपिटीत अख्खी बाग गेली तेव्हाही मला इतके वाईट वाटले नव्हते. पोरीचे भले मी माझ्या जिभेने मोडत आणले होते. म्हणून तिवशाला गेलो, म्हणून खोट शोधली, म्हणून पत्राला उशीर झाला.

तिसरा ता. क. कालच कळले की हे सूनबाईला पहिल्यापासून माहीत होते. मनकर्णाबाईला चारुताने दोन वर्षांपूर्वी सांगितले. मैनावहिनींना अद्वैतने गेल्या गुढीपाडव्याला सांगितले. ती रसाची वाटी उन्हाने घसरली नव्हती. सगळे जण तुम्हाला घाबरून गप्प होते, कारण तुम्ही नातवाला पिंजऱ्यात उभे करून प्रश्न विचाराल; आणि मला सांगितले नाही, कारण मी तुम्हाला सांगेन. म्हणजे दोन्ही घरांत मिळून फक्त तुम्ही आणि मी अंधारात होतो. माझा उजेड पोळ्याच्या सुमारास पडला. तुमचा आत्ता पडला असेल. बसून घ्या. पाणी प्या. साखर तपासा.

मी मुलीकडचा. रीतीप्रमाणे मागणी घालायला मीच अकोल्याला येतो. एसटी फुकट आहे, फक्त दिवस कळवा. अद्वैत-अदितीच्या नावाचे वर्ष या आठवड्यात संपते. मी पैसे भरणार नाही. बाग सोडून दिली. ताहेरभाईंनाही तसे सांगून आलो; ते म्हणाले, चलो, इसी बात पे चाय.

शेवटचा ता. क., आणि खरी विनंती हीच आहे, बाकी सगळे यासाठी लिहिले. तुम्ही हो म्हणालात, लग्न झाले, तर मैनावहिनींना सांगा की तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहायचे नाही. अंगठी फिरवायची हौस असेल तर चारुता हेच लिहू द्या. पोरांनी तीन वर्षे पोटाशी धरून ठेवलेले नाव आहे. मांडवात सगळ्यांदेखत असे एक नाव फुकट जाताना मी एकदा पाहिले आहे, पुन्हा पाहण्याइतके माझे बीपी बरे नाही. चारुता पुढच्या शनिवारी घरी येते आहे, आणि पोस्टमन यायच्या वेळेला मी आतापासूनच फाटकात उभा राहतो. व्याही म्हणून लिहिणार असाल तर मला 'तुम्ही' म्हणा. शिव्या द्यायच्या असतील तर नेहमीसारखे 'नाऱ्या' म्हण. पण लिही बाबा, आणि लवकर लिही.